बिसरामच्या दोरीवरच्या वर्द्या

टीव्हीतल्या माणसांशी आमच्या गावात सगळेच भांडायचे. मंदाबाई इंग्रज कप्तानाला अशा शिव्या घालायची की त्या त्याला समजल्या असत्या तर त्यानं अठराशे सत्तावनातच विलायतेचं जहाज पकडलं असतं. पानठेलेवाला केवलराम हिरोला ‘मांगं पाह्य बे, मांगं!’ म्हणून ओरडायचा. पण सिरियल बनवणाऱ्याशी भांडणारा अख्ख्या साजटोल्यात एकच होता, बिसराम बरेठ.

‘‘कोट असा पिळतेत का गा? शिवन उसवते ना! कोनं शिकवलं ह्या बाईले?’’

‘‘चूप रे बिसराम. गोऱ्याचा कोट आहे, तुह्या बापाचा आहे का?’’

‘‘कोनाचा बी राहो. धुनाऱ्याचं नाव खराब होते.’’

बिसराम आमच्या गावचा धोबी. अंगानं काटकुळा, खर्रा खाऊन दात विटकरी झालेले, आणि आयुष्यभर ओलं गाठोडं एकाच खांद्यावर वाहिल्यामुळे तो खांदा दुसऱ्यापेक्षा खाली उतरलेला. दुसऱ्यांच्या कपड्यांना कडक इस्तरी करणारा हा माणूस स्वतः मात्र चुरगळलेल्या बंडीत फिरायचा. कुणी हटकलं तर म्हणायचा, ‘‘हलवाई मिठाई खाते का?’’ बायको रुख्मा त्याच्याहून कमी बोलायची आणि त्याच्याहून जास्त काम करायची. लेकरूबाळ नव्हतं. घरात दोघंच.

साजटोला सालेकशापासून आत, रेल्वेचा आवाज येतो पण गाडी दिसत नाही एवढ्या अंतरावर. एकेकाळी गावातल्या दर घराचे कपडे बिसरामचा बाप धुवायचा आणि वर्षाकाठी त्याचं धान घ्यायचा. मग टेरिकॉट आलं, निळ्या पावडरच्या पुड्या आल्या, आणि गावाला बिसराम लागू लागला तो फक्त सोयरसुतकात. घरात कुणी जन्मलं किंवा मेलं की ते कपडे बरेठाच्याच हातून धुवून यावे लागतात, एवढी एक रीत शिल्लक होती. आता आमचं गाव केवढं, त्यात माणसं मरून मरून किती मरणार? बिसराम अधूनमधून म्हणायचाही, ‘‘तुमी लोक लगित चिवट आहा गा. माह्या पोटावर पाय देऊन जगून राहिले.’’

त्याला तारलं ते कॅम्पानं. सोसायटीच्या बंद पडलेल्या गोदामात राखीव पोलिसांचा कॅम्प बसला आणि जवानांच्या वर्द्या बिसरामकडे आल्या. रोजचं काम, महिन्याच्या महिन्याला रोख. बिसरामला लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून कुणाची वर्दी कोणती हे ओळखायला तो कॉलरच्या आत बिब्ब्यानं खूण करायचा. कुणाला दोन ठिपके, कुणाला फुली, कुणाला चांद, कुणाला मासोळी. बिब्ब्याची खूण धुवून जात नाही. आजवर एकाची पँट दुसऱ्याला गेली नाही, याचा त्याला भारी गर्व.

नाल्याच्या काठावर, मोहाच्या झाडापासून सागाच्या खांबापर्यंत त्याची दोरी बांधलेली. जागा उंच, वारा मोकळा. त्या दोरीवर खाकी वर्द्या ओळीनं फडफडायच्या. पानठेल्यावरून दिसायच्या, रस्त्यावरून दिसायच्या, नाल्यापलीकडच्या डोंगरीवरूनही दिसत असणार. पण तोवर त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलं नव्हतं. वर्दी वाळतेय, वाळू दे.

पाहायला शिकवलं ते सिरियलनं.

‘सत्तावन का हरकारा’ दर इतवारी सकाळी लागायची. दोन हजार सहाचं साल. लाइन कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून जियालाल पटलेंच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, ट्रॅक्टरची बॅटरी काढून टीव्हीला जोडलेली असायची. जियालाल म्हणजे गावातले मोठे कास्तकार. टीव्ही काळा-पांढरा, पण गावात बॅटरीवर चालणारा तेवढाच. सपरीवर सतरंजी, सतरंजीवर पटले-बिसेन-रहांगडाले ही जमीनवाली मंडळी, भिंतीकडे बाया, दारात पोट्टे. बिसराम खाली पायरीवर. त्याला कुणी तिथं बसवलं नव्हतं आणि कुणी वरही बोलावलं नव्हतं. ती पायरी त्याचीच आहे असं सगळ्यांना, आणि त्यालाही, पाठ होतं.

सिरियलमध्ये एक हरकारा होता. बंडवाल्यांच्या चिठ्ठ्या घेऊन गावोगाव फिरायचा आणि दर भागात मरता मरता वाचायचा. सुरुवातीला गाव त्याच्यावर खूश होतं. मग चौथ्या-पाचव्या भागात गोऱ्यांच्या छावणीत चंपा धोबीण आली, आणि हरकारा गेला उडत.

चंपा छावणीतले कोट धुवायची. दिसायला गरीब, डोळ्यानं मात्र तरबेज. आणि एका इतवारी तिनं ते केलं. गोऱ्यांची एक तुकडी दुसरीकडे रवाना झाली, तर चंपानं उरलेल्यांचे तेवढेच कोट दोरीवर टाकले आणि मधली जागा रिकामी ठेवली. दूर टेकडीवर झुडपाआड बसलेल्या हरकाऱ्यानं कोट मोजले आणि घोड्याला टाच मारली.

सपरी गार झाली. मग मंदाबाई म्हणाली, ‘‘माय वं! पाहा वं बाईचं डोकं!’’

आणि पायरीवरून बिसराम उठून उभा राहिला.

‘‘हे बराबर! हे एकदम बराबर दाखवलं! मी कधीचा म्हनून राहिलो, ह्या सिरियलवाल्याइले काई समजत नाई. पन हे बराबर. दोरी खोटं बोलतच नाई ना जियालालभाऊ! मी दोरी पाहून सांगतो, क्याम्पात कोन सुट्टीवर गेला, कोन गस्तीले गेला, कोनाले जुलाब लागले...’’

‘‘जुलाब बी समजते का बे?’’

‘‘अरे, पँटी डबल येतेत ना!’’

सपरी हसून हसून लोळली. जियालालांच्या डोळ्यात पाणी आलं. ते म्हणाले, ‘‘ये गा बिसराम, वर ये. आज तुही लागली आहे टीव्हीवर. चंपा पायरीवर बसंन का?’’ आणि त्यांनी सतरंजीचा कोपरा स्वतःच्या हातानं झटकला.

बिसराम वर आला. बसला. त्या दिवशीचा उरलेला भाग त्यानं पाहिला असेल असं मला वाटत नाही. तो नुसता सतरंजीवर हात फिरवत होता. धोब्याचा हात, कापड कसलं आहे ते पाहत असेल.

त्या दिवसापासून त्याचं नाव चंपा पडलं. तो नाल्यावर निघाला की केवलराम ठेल्यावरून हाक मारायचा, ‘‘का वं चंपाबाई, आज किती गोरे?’’ बिसराम कमरेवर हात ठेवून ठुमकत चालून दाखवायचा. रुख्माला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, ‘‘बापा, लोकं हसून राहिले अन् तुमी नाचून राहिले.’’ त्यावर हा म्हणायचा, ‘‘आतापर्यंत बरेठाच्या नावानं नाक मुरडत होते. आता हसून राहिले. कमी आहे का?’’

कॅम्पातही सिरियल लागायची. हवालदार नंदलाल, गोंदियाचा, टोपी काढली की डोकं पाटीसारखं सफाचट, तोही वर्द्या देताना म्हणायचा, ‘‘संभाल के धोना चंपा, फिरंगी का कोट है.’’ म्हणजे कॅम्पालाही गंमतच वाटत होती. हे लक्षात ठेवा, कारण नंतर नंदलालनं ठेवलं नाही.

इतवार ते इतवार फार लांब पडतो. मधल्या दिवसांत काय करायचं? तर दोरी वाचायची. ठेल्यावर खर्रा घोटता घोटता केवलराम नाल्याकडे पाहायचा आणि भाकीत सांगायचा. ‘‘आज दोरी भरगच्च. म्हंजे पार्टी वापस आली.’’ ‘‘आज मासोळीवाल्या शिंदेची वर्दी नाई, सुट्टीवर गेला पोट्टा.’’ ठेल्यापासून मासोळी दिसणं शक्य नव्हतं, पण भविष्य सांगणाऱ्याला असं विचारायचं नसतं. एकदा दोरी सबंध दिवस रिकामी राहिली. केवलराम म्हणाला, ‘‘क्याम्प खाली. सबन गस्तीवर.’’ आणि खरंच, दुसऱ्या दिवशी जवान पायाला फोड घेऊन डोंगरीवरून उतरले. त्या दिवसापासून केवलरामच्या ठेल्याची गिऱ्हाइकी वाढली. लोक पान खायला यायचे आणि कॅम्पाची हजेरी घेऊन जायचे. आम्हीही जायचो. आमच्या गावात दुसरं होतं काय?

उन्हाळ्यात, तेंदूपत्त्याच्या दिवसांत, ते झालं. गावापासून थोड्या अंतरावर ठेकेदाराचा तेंदूचा फड होता. वाळलेल्या पत्त्याच्या पुडक्यांचे ढीग. आतल्या लोकांनी येऊन तो पेटवून दिला. जंगलात बंदूक घेऊन फिरणाऱ्यांना आमच्याकडे कुणी नावानं बोलत नाही, ‘आतले’ म्हणतात, तेही आवाज खाली करून. आणि त्या दिवशी कॅम्प रिकामा होता.

गोंदियाहून साहेब आला. जीप केवलरामच्या ठेल्यासमोर थांबली, कारण आमच्या गावात जीप थांबवावी असं दुसरं ठिकाण नाही. साहेब तरुण होता, आवाज साधा होता. त्यानं विचारलं, ‘‘त्या दिवशी कॅम्पात कोणी नाही, हे त्यांना कसं कळलं असेल?’’

गप्प बसायची ती वेळ होती. पण केवलरामला वाटलं, यात लपवण्यासारखं काही नाही हे साहेबाला दाखवून द्यावं, म्हणजे गावावर संशय राहणार नाही. बिचाऱ्यानं चांगल्या मनानं केलं. तो म्हणाला, ‘‘साहेब, थे त आमाले बी मालूम होतं. दोरी खाली होती ना.’’

‘‘कोणती दोरी?’’

ठेल्यावर जेवढे होते तेवढ्यांची बोटं एकाच वेळी नाल्याकडे गेली. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून विहिरीच्या गाळापर्यंत कशात म्हणून आमच्या गावाचं एकमत होत नाही. त्या दिवशी झालं.

बिसराम इस्तरीत कोळसे भरत होता. त्याला इस्तरी खाली ठेवायला सांगितली आणि नेलं.

रुख्मा धावत जियालालांच्या घरी आली. मी तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत, सपरीतच पेपर वाचत होतो. ती पायरीखाली उभी राहून म्हणाली, ‘‘भाऊ, चला ना जी. दोन शब्द बोला. तुमचं आयकतीन थे.’’

जियालाल म्हणाले, ‘‘बाई, मी बोललो त अजून वाढंन. म्हनतीन, याचा काय संबंध? त्याइले विचारू दे. खरं असंन त सुटंन.’’

‘‘खरं काय असते भाऊ? तुमच्याच सपरीत त बोलला ना तो. तुमीच त हसले.’’

जियालालांनी पागोट्यासारखा बांधलेला दुपट्टा सोडला, पुन्हा बांधला. ‘‘हसनं येगळं बाई,’’ ते म्हणाले आणि ढोरांना पाणी दाखवायला मागच्या अंगणात गेले. ढोरं तेव्हा रानात चरायला गेलेली होती.

कॅम्पात काय झालं ते बिसरामनं एकदाच सांगितलं, मला आणि रुख्माला, आणि त्यातही त्याला मधूनच हसू येत होतं. टेबलावर वर्द्या पसरल्या होत्या, कॉलरी उलट्या करून. मागच्याच इतवारी सिरियलमधल्या चंपानं कोटाच्या अस्तरात टाक्यांनी निरोप शिवला होता. साहेबानं ते पाहिलं होतं की कुणी त्याला सांगितलं, देव जाणे. त्यानं बोट ठेवलं.

‘‘ही मासोळी कशासाठी?’’

‘‘साहेब, थो शिंदे कोकनातला आहे. रोज मासोळीच्या गोष्टी सांगते. म्हनून.’’

‘‘हे दोन ठिपके?’’

‘‘त्याले दोन पोरी आहेत जी.’’

‘‘आणि हा चांद?’’

बिसराम अडखळला. म्हणाला, ‘‘साहेब, थो... टक्कल आहे जी त्याले.’’

खोलीतले जवान हसले. साहेबही ओठातल्या ओठात हसला म्हणे. फक्त नंदलाल हवालदार हसला नाही. तो भिंतीपाशी टोपी घालून उभा होता आणि त्यानं ती काढली नाही. तो एक वाक्य बोलला असता तर भागलं असतं. साहेब, हा वर्षानुवर्षं अशाच खुणा करतो, आम्हाला माहीत आहे, आम्हीच याला चंपा म्हणतो. एवढंच. पण मग साहेबानं विचारलं असतं, माहीत होतं तर दोरी तिथं का राहू दिली? नंदलालची नोकरी जुनी होती. गप्प राहण्याचा अनुभव त्याच्या गाठीला होता.

संध्याकाळी सोडलं. साहेब म्हणाला, माणूस साधा आहे. हात कुणी लावला नाही. पण वर्द्या बंद. आणि उघड्यावर दोरी बांधायची नाही, कुणाच्याही कपड्यांची.

बिसराम घरी आला तेव्हा त्याला वाटलं, चला, इज्जत वाचली. मारलं नाही, शिवी दिली नाही, साहेबानं ‘साधा’ म्हटलं. हे त्यानं वाटेत दोघातिघांना सांगितलंही. तीच चूक झाली.

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर केवलराम आवाज खाली करून म्हणाला, ‘‘दिवसभर बसून होता. अन् एक चापट नाई?’’

‘‘म्हने साधा मानूस आहे.’’

‘‘आपन काय साधे नाई का? मागं मले क्याम्पात दोन घंटे बसवलं होतं त माहे गाल सुजले होते. याले हात नाई लावला. मंग बोलला काय काय तिथं, दिवसभर?’’

म्हणजे बघा. सकाळी तो आतल्यांचा माणूस होता, कारण त्याची दोरी बोलत होती. दुसऱ्या सकाळी तो पोलिसांचा माणूस झाला, कारण त्याचे गाल सुजले नव्हते. आणि आमच्या भागात पोलिसांचा माणूस अशी अफवा उठणं म्हणजे काय, हे गावातल्या दुधपित्या पोरालाही कळतं. आतल्यांच्या कानावर असं काही गेलं की ते कॉलर उलटून खुणा विचारत बसत नाहीत.

त्यानंतरच्या इतवारी बिसराम सपरीत आला. दोरी गेली, वर्द्या गेल्या, पण सिरियल आहे असं त्याला वाटलं असावं. तो सतरंजीकडे पाहून थबकला आणि मग आपल्या आपण पायरीवर बसला. सिरियलचं गाणं सुरू होतं. जियालाल उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

‘‘ब्याटरी उतरली गा,’’ ते कुणाकडेही न पाहता म्हणाले.

कुणी ‘अरेरे’ केलं नाही. कुणी बॅटरीचं तोंड तपासलं नाही. एरवी बॅटरी उतरली की सपरीत लोकसभा भरायची. लोक उठले, धोतरं-लुगडी झटकली, आपापल्या वाटेनं निघाल्यासारखे चार पावलं गेले. बिसरामही उठला. गेला. तो केवलरामच्या घराच्या कोपऱ्यावरून वळला आणि बॅटरी चढली. लोक परत येऊन बसले. गाणं संपून गेलं होतं एवढंच. मंदाबाई म्हणाली, ‘‘काय झालं वं मंगाशी?’’ कुणीतरी सांगितलं, चंपा पानी भरून राहिली होती.

पावसाळा लागला, धानाची रोवणी सुरू झाली. बिसराम रुख्मासोबत रोवणीला जाऊ लागला. धोब्याला पाण्यात उभं राहायची सवय, पण वाकून चालायची नाही. त्याची रांग वाकडी जायची. एरवी लोकांनी त्यावरून दिवसभर फिरकी घेतली असती. आता कुणी घेत नव्हतं. त्याच्या बाजूच्या रांगेत कुणी उभंही राहत नव्हतं. कोण पाहत असेल, कुठून पाहत असेल, सांगता येत नाही ना. बिसराम आणि रुख्मा धानाच्या बांधीच्या एका कडेला, बाकीचं गाव दुसऱ्या कडेला. एकदा बांधावर भेटलो तर तो म्हणाला, ‘‘काई बोल ना गा. चंपाच म्हन.’’ मी हसलो. बांध उतरून पुढं निघालो.

त्याच महिन्यात सिरियलमधली चंपा पकडली गेली. आणि एका इतवारी, रोवणी सोडून आलेल्या अख्ख्या गावासमोर, गोऱ्यांनी तिला फाशी दिली.

मी आयुष्यात पुष्कळ मयती पाहिल्या, पण साजटोल्यात असं रडणं पाहिलं नाही. मंदाबाई ऊर बडवत होती. ‘‘गरिबाची लेक होती वं! कोनाचं वाईट नाई केलं तिनं!’’ जियालालांनी डोळे पुसले आणि कप्तानाला उद्देशून असं काही म्हणाले, जे त्यांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. केवलरामनं ठेला बंद ठेवला. त्या दिवशी पटलेंच्या आळीत चूल पेटली नाही. बायांनी विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळी केल्या. एकीनं केली, तिचं पाहून दुसरीनं केली, मग कुणी राहिलं तर बरं दिसत नव्हतं. गंमत म्हणून सुरू झालं असेल तर ती गंमत कुठं संपली ते कुणाला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी मंदाबाई म्हणाली, ‘‘सुतक धरलं आहे त बराबर धरा. कपडे बरेठाकडे जाऊ द्या. नाईतर बाधते.’’ मग तिनं माझ्याकडे पाहिलं. ‘‘तू शिकेल आहे, तू जा. तुले काई नाई होत. बोलावून आन बिसरामभाऊले.’’

मी गेलो. रुख्मा दारात बसून चिखलानं चिरलेल्या पायांना तेल लावत होती. मी कसाबसा निरोप सांगितला. सांगताना तो किती येडा आहे ते मलाच ऐकू येत होतं.

तिनं तेलाची वाटी बाजूला ठेवली. ‘‘टीव्हीतली मेली?’’

‘‘हो.’’

‘‘अन् कोनाच्या घरी चूल नाई पेटली?’’

‘‘नाई.’’

‘‘याले क्याम्पात बसवलं होतं ना, त्या दिवशी मी दार-दार फिरली. सबन घराइतून फोडनीचा वास येऊन राहिला होता.’’

मी वळलोच होतो. आतून बिसराम बाहेर आला. ‘‘जाऊ दे वं,’’ तो तिला म्हणाला. ‘‘मयतीच्या कपड्याले नाई म्हनता येत नाई.’’ आणि खांद्यावर गाठोड्याचं फडकं टाकून तो माझ्यासोबत निघाला.

घराघरातून त्यानं कपडे घेतले. बायांनी ते दारातूनच टाकले, त्यानं उचलले. दिवसभर नाल्यावर दगडावर कपडे आपटल्याचा आवाज येत होता. किती दिवसांनी आला होता तो आवाज. मला वाटलं, चला, या निमित्तानं सुरू झालं पुन्हा. संध्याकाळी तो परत आला आणि एकेका दारात त्यानं एकेक गाठोडं ठेवलं. स्वच्छ धुतलेलं, पिळलेलं, आणि ओलं. गाठोड्याखाली पाण्याचं थारोळं साचत होतं.

मंदाबाई म्हणाली, ‘‘हे काय गा? वाळवले नाई?’’

‘‘दोरी बांधू नोको म्हनलं ना बाई.’’

‘‘मंग आमी काय करावं? बाहेर पानी चालू आहे!’’

‘‘थे मले काय मालूम? मी धुनारा आहो. टांगाचं तुमी पाहा. तुमच्या दोरीवर कोनी नाई पाहत.’’

तो रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर भांडता आलं असतं. पावसाच्या दिवसांत ते कपडे घराघरात आडव्या बांबूंवर लोंबत राहिले आणि कुबट वास सुटला. साजटोल्यात बोलायला नवा विषय मिळाला. बरेठ माजला म्हणे. कपडे ओलेच आणून टाकले. अशानं कोण देईल त्याला काम? एरवी दोनचार घरं तरी त्याला बोलवायच्या विचारात असतील, तीही मोकळी झाली. माणसाला टाकल्यावर कारण सापडलं की बरं वाटतं.

पुढं रोवणी आटोपत आली तेव्हा सायकलीवर दोन अनोळखी माणसं ठेल्यावर थांबली. त्यांनी पान घेतलं आणि विचारलं, ‘‘बरेठाचं घर कोनतं?’’ ती कापडवाली असतील, नातलग असतील, इस्तरी विकत घेणारी असतील. केवलरामनं विचारलं नाही, कोण आहा, कायले पाहिजे. त्यानं बोट दाखवलं. ती माणसं त्या घराकडे गेलीच नाहीत, सायकली वळवून रस्त्यानं निघून गेली. पण केवलरामनं बोट दाखवलं ही गोष्ट संध्याकाळपर्यंत रुख्माच्या कानावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोंदियाच्या कॉलेजला जायला सालेकसा स्टेशनावर उभा होतो. फलाटाच्या टोकाला दोघं बसले होते. एक ट्रंक, एक पोतं, पोत्यातून इस्तरीची मूठ बाहेर आलेली. जियालालही त्या दिवशी गोंदियाला कोर्टाच्या कामासाठी निघाले होते. त्यांनी बिसरामला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. ते जवळ गेले. मीही गेलो.

‘‘चालला का गा?’’

‘‘हो भाऊ.’’

‘‘घराचं काय?’’

‘‘हाये तिथं. पाहा कोनाले लागलं त.’’

‘‘अरे, दोनचार महिने कुठी तरी राहून ये. लोकं भुलतेत.’’ बिसरामनं पोत्यातून आलेली इस्तरीची मूठ आत दाबली. जियालालांनी खिशात हात घातला, तो तसाच राहू दिला. मग त्यांना काहीतरी विचारायला हवं होतं म्हणून, किंवा खरंच काळजी वाटून, त्यांनी विचारलं, ‘‘कुठी चालला? डोंगरगडाकडे, का गोंदियाकडे?’’

हा माणूस एकेकाळी कुणाला जुलाब लागले तेही भर सपरीत उभं राहून सांगत असे. त्यानं आधी रुख्माकडे पाहिलं. रुख्मानं पदराच्या गाठीतली तिकिटं मुठीत घट्ट धरली आणि हात लुगड्यात लपवला.

‘‘पाहू,’’ बिसराम म्हणाला.

गोंदियाकडची पॅसेंजर आली. मी चढलो, जियालाल चढले. ते दोघं चढले नाहीत. म्हणजे डोंगरगडाकडचे, असं मी मनात धरलं. गाडी हलल्यावर खिडकीतून मागं पाहिलं तर ते तसेच बसून होते, पलीकडच्या फलाटावर जायची घाई त्यांना नव्हती. कदाचित नंतरच्या गोंदिया गाडीनंही गेले असतील. आम्ही निघून जाण्याची वाट पाहत असतील.

गोंदिया जवळ येईपर्यंत जियालाल खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, ‘‘सांगितलं असतं त काय झालं असतं? मी काय कोनाले सांगत होतो?’’